पाच नावांची गायिका

लग्न लागून मुलगी सासरी आली, की ताटात तांदूळ पसरून त्यांत अंगठीने तिचे नवे नाव लिहावयाचे, ही चाल मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. नाव निवडणारे दुसरेच असत. त्या नावाला ओ देण्याचे काम तेवढे तिचे. विसाव्या शतकातील अमेरिकेच्या एका गायिकेच्या वाट्याला हा प्रकार चार वेळा आला, आणि त्यांतला एकदाही लग्नामुळे नव्हे. तिचे जन्मनाव ॲना मेरी वुल्ड्रिज. एका रात्रीच्या क्लबात ती गॅबी झाली, एका गीतकाराने तिला ॲबी लिंकन केले, आणि पुढे आफ्रिकेतील दोन देशांत तिला मोसेका व अमिनाता ही नावे बहाल झाली. जाझ संगीताच्या इतिहासात ती ॲबी लिंकन म्हणूनच राहिली आहे. परंतु नावाइतकाच तिचा आवाजही आरंभी दुसऱ्यांनी ठरवून दिलेला होता, आणि तो आपला करून घ्यावयास तिला आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे लागली.

जाझ हे संगीत आपल्या वाचकांस अगदीच परके नव्हे. १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफोर्डसारखे कृष्णवर्णी अमेरिकन पियानोवादक वाजवून गेले, आणि त्यांच्या वाद्यवृंदांतून व आसपास जे कलावंत तयार झाले त्यांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता. ‘चिक चॉकलेट’ ह्या नावाने गाजलेला ट्रंपेटवादक म्हणजे मूळचा आंतोनियो झेवियर वाझ. सी. रामचंद्रांच्या संगीतात त्याच्या ट्रंपेटचा वाटा होताच. पण १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात तो आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसला. जाझमधील वाद्ये अशी आपल्या कानांवर चित्रपटाच्या वाटेने आली. जाझमधील गायिका मात्र तशी आली नाही. तिची कहाणी तिकडेच जाऊन पाहावी लागते.

त्या काळच्या अमेरिकेत नृत्याच्या बँडबरोबर गाणाऱ्या मुलीचे स्थान मोठे चमत्कारिक होते. वादकांचे कसब हे कसब गणले जाई. गायिकेकडे शोभेची वस्तू म्हणून पाहिले जाई. तिला लाडाने ‘कॅनरी’, म्हणजे पिंजऱ्यातले गाणारे पाखरू, म्हणत. गीते नाटकांतून व चित्रपटांतून घेतलेली, बहुशः प्रेमाची. पुरुषाने टाकलेल्या, तरी त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसलेल्या स्त्रीची. बिली हॉलिडेसारख्या असामान्य गायिकेने ह्याच सामग्रीतून आपले सारे दुःख बोलून दाखविले. तालाच्या किंचित मागे रेंगाळत, मूळ चाल मोडून पुन्हा बांधीत. एला फिट्झजेरल्ड आणि सॅरा व्हॉन ह्यांनी आवाजाची झेप व लयीवरील हुकूमत दाखवून वादकांनाही मान डोलवावयास लावले. ॲबी लिंकनपाशी ह्यांपैकी कोणतेच धन नव्हते. तिचा आवाज तीन सप्तकांत फिरणारा नव्हता, आणि निरर्थक अक्षरांवर तानबाजी करण्याकडे तिचा कल नव्हता. तिच्याजवळ होता तो शब्द स्वच्छ उच्चारण्याचा आणि त्याचा अर्थ धरून ठेवण्याचा स्वभाव. ह्या स्वभावाला साजेसे गाणे तिला बराच काळ कोणी दिले नाही.

तिचा जन्म ६ ऑगस्ट १९३० चा, शिकागो येथला. बारा भावंडांतील ती दहावी. बालपण गेले ते मिशिगन राज्यात, कॅल्व्हिन सेंटर ह्या खेड्याच्या परिसरातील शेतावर. हा मुलूख सामान्य नव्हे. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतून पळून आलेल्या कृष्णवर्णी माणसांना तेथील क्वेकर पंथीयांनी आसरा दिला होता, आणि यादवी युद्धापूर्वीच तेथे स्वतंत्र कृष्णवर्णी शेतकऱ्यांची वस्ती उभी राहिली होती. घरात एक पियानो होता. त्यावर ती आपली आपणच सूर शोधीत बसे. १९५१ साली ती कॅलिफोर्नियास गेली, तेथून हवाई बेटांवर होनोलुलूस गेली व दोनेक वर्षे तेथील क्लबांत गायली. लुई आर्मस्ट्राँग आणि बिली हॉलिडे ह्यांना तिने प्रत्यक्ष पाहिले ते तेथेच.

परतल्यावर हॉलिवुडमधील ‘मूलाँ रूझ’ ह्या पॅरिसची नक्कल करणाऱ्या क्लबात तिला काम मिळाले. तेथे फ्रेंच थाटाचे नाव हवे, म्हणून ती गॅबी झाली. बॉब रसेल हा गीतकार तिच्या कामाची व्यवस्था पाहू लागला. ड्यूक एलिंग्टनच्या कित्येक चालींना शब्द देणारा हा मनुष्य विनोदी आणि तितकाच विचारी होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतून अर्धे आणि अब्राहम लिंकनपासून अर्धे असे नाव त्याने जुळविले. अब्राहम लिंकनने काही गुलामांना खरोखर मुक्त केले नाही, तेव्हा ते काम आता तुझ्याकडून होते का पाहू, अशा आशयाचे तो त्या वेळी बोलल्याचे ती पुढे सांगत असे. बोलणे थट्टेचे होते. त्या वेळी हे नाव धारण करणारी मुलगी भोजनगृहात झगमगीत पोशाख घालून, जेवणाऱ्यांच्या काट्याचमच्यांच्या आवाजात प्रेमगीते गात होती.

१९५६ साल तिच्या भाग्योदयाचे समजले गेले. त्या वर्षी तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिचा विषय एका प्रेमात पडलेल्या मुलीची कथा हा, आणि वेष्टनावरील तिचे छायाचित्र विषयापेक्षाही अधिक बोलके. त्याच वर्षी ‘द गर्ल कान्ट हेल्प इट’ ह्या चित्रपटात ती क्षणभर झळकली. अंगात पोशाख होता तो मेरिलिन मन्रोने १९५३ च्या ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’ मध्ये वापरलेला. पुढच्या वर्षी ‘एबनी’ ह्या कृष्णवर्णीयांच्या मोठ्या खपाच्या मासिकाने तिला त्याच पोशाखात मुखपृष्ठावर छापले. चित्रपटात ती गायली ते गीत धार्मिक धाटणीचे होते; परंतु लोकांच्या लक्षात राहिला तो पोशाख. एका गौरवर्णी नटीचे वस्त्र, एका गौरवर्णी राष्ट्राध्यक्षाचे आडनाव आणि दुसऱ्यांनी निवडलेली गीते, एवढे साहित्य घेऊन ती कीर्तीच्या दारात उभी होती. कित्येक जणी त्या दारातून आत गेल्या असत्या, आणि त्यांना दोष देण्याचे काही कारण नव्हते.

ती मागे फिरली. ह्यात मॅक्स रोच ह्या ड्रमवादकाचा वाटा मोठा आहे. रोच हा चार्ली पार्करच्या पिढीचा, ‘बीबॉप’ ह्या नव्या जाझच्या उभारणीतला खांब. १९५६ च्या जूनमध्ये त्याचा तरुण साथीदार, ट्रंपेटवादक क्लिफर्ड ब्राउन, मोटारीच्या अपघातात गेला आणि रोच पार खचला. पुढल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये लिंकन व तो एकत्र आली. जे तुला मनापासून म्हणावयाचे नाही ते गाण्याचे तुला काही बंधन नाही, ही गोष्ट त्याने तिच्या ध्यानात आणून दिली. मन्रोचा तो पोशाख आपण जाळून टाकला, असे तिने नंतर अनेकदा सांगितले. ह्याच सुमारास तिने केस इस्त्री करून सरळ करणेही सोडले. कृष्णवर्णी स्त्रीने आपले केस जसे आहेत तसे ठेवून रंगमंचावर यावे, हे त्या वेळी धाडसच होते.

पोशाख एका दिवसात जळतो. गाण्याची सवय तशी जात नाही. ऑक्टोबर १९५७ मध्ये मुद्रित झालेली ‘दॅट्स हिम!’ ही ध्वनिमुद्रिका ह्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. साथीला सॉनी रोलिन्स, केनी डॉरम, विन्टन केली, पॉल चेंबर्स आणि स्वतः रोच, म्हणजे त्या काळातील उत्तमोत्तम वादक. त्यांच्या संगतीत तिचे शब्द सुटे व ठाशीव झाले. एक गीत तर ती कोणत्याही वाद्याच्या साथीविना गायली. पण निवडलेली गीते? त्यांत ‘माय मॅन’ आहे, मारहाण करणाऱ्या पुरुषावर जीव टाकणाऱ्या स्त्रीचे. ‘डोन्ट एक्स्प्लेन’ आहे, परस्त्रीकडून परतलेल्या पुरुषाला स्पष्टीकरण मागू न इच्छिणाऱ्या स्त्रीचे. बिली हॉलिडेच्या मुखातून ही गीते अजरामर झाली होती, आणि लिंकन अद्याप त्या थोर गायिकेच्या सावलीत उभी होती. १९५९ च्या ‘ॲबी इज ब्लू’ मध्ये तिने पाऊल बाहेर टाकले. मोंगो सांतामारियाच्या ‘आफ्रो ब्लू’ ह्या रचनेला ऑस्कर ब्राउन कनिष्ठ ह्याने दिलेले शब्द तिने गायिले, आणि त्याच मुद्रिकेवर ‘लेट अप’ हे एक गीत स्वतःचे घातले. समीक्षकांनी त्या वेळी ह्या एका गीताकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढचे सारे मात्र त्यातूनच निघाले.

१९६० च्या फेब्रुवारीत ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णी विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या टेबलाशी जाऊन बसले आणि त्या सत्याग्रहाचे लोण दक्षिणेत पसरले. मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे ठार झाली. ऑगस्ट-सप्टेंबरात रोचने ‘वुई इन्सिस्ट! फ्रीडम नाऊ सूट’ ही पाच भागांची रचना मुद्रित केली. वेष्टनावर सत्याग्रहींचेच छायाचित्र. गुलामांवर चाबूक चालविणाऱ्या मुकादमापासून जोहान्सबर्गच्या अश्रूंपर्यंत तिचा आवाका आहे. मधल्या ‘ट्रिप्टिक’ ह्या भागात फक्त ड्रम आणि लिंकनचा आवाज आहे. शब्द एकही नाही. प्रार्थना, निषेध आणि शांती अशा त्याच्या तीन पायऱ्या. निषेधाच्या पायरीवर ती गात नाही, किंचाळते. मिनिटभराहून अधिक काळ किंचाळते. ज्या आवाजाला जेवणाऱ्यांच्या पचनास मदत करण्यासाठी नेमले होते, त्याने हे करावे ह्याचा धक्का किती बसला असेल, ह्याची कल्पना आजही ती मुद्रिका ऐकणाऱ्यास येते. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. ह्या कृतीचे संगीत रोचचे होते आणि गीतांचे शब्द ऑस्कर ब्राउनचे. लिंकनने त्यांत आपला देह ओतला. परंतु रचनाकार म्हणून ती तेथे नव्हती. आवाज मोकळा झाला होता, बोलणे अजून दुसऱ्यांचे होते. कित्येक लेखक तिची कथा ह्याच किंकाळीपाशी संपवितात. तो त्यांचा उतावीळपणा म्हणावा लागतो.

१९६१ च्या फेब्रुवारीत काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा ह्यांच्या हत्येची वार्ता पसरली. १५ तारखेस न्यूयॉर्कमधील संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रेक्षकसज्जात जो निषेधाचा कल्लोळ झाला, त्यात लिंकन होती, रोच होता, आणि पुढे लेखिका म्हणून गाजलेली माया अँजेलूही होती. आठवड्याभराने, २२ तारखेस, तिची ‘स्ट्रेट अहेड’ ही ध्वनिमुद्रिका मुद्रित झाली. साथीला कोलमन हॉकिन्स, एरिक डॉल्फी, बुकर लिटल आणि मॅल वॉल्ड्रन. अनेक गीतांचे शब्द ह्या वेळी तिने स्वतः लिहिले होते. त्यांतच थिलोनिअस मंकच्या ‘ब्लू मंक’ ह्या चालीलाही तिने शब्द दिले. परवानगीसाठी मंकला बोलाविले होते. हा पियानोवादक अबोल, विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध. गाणे ऐकून तो उठला, जाता जाता तिच्या कानाशी वाकला आणि इतकी निर्दोष गाऊ नकोस असे पुटपुटला. तिला त्याचा अर्थ उमगेना. चूक कर, म्हणजे जे हाताशी नाही त्याच्यासाठी हात पुढे कर, असा त्याचा अर्थ रोचने तिला समजावून सांगितला. मंकने तिला उत्तम रचनाकार असेही म्हटले होते. तेव्हा आपल्या नावावर फारशा रचनाच नव्हत्या, मग हा हे कशावरून म्हणतो, असे आपणास वाटल्याचे ती पुढे हसून सांगे.

जाझसारख्या, तत्क्षणी घडविण्याच्या संगीतात निर्दोषपणा हा गुण की अडथळा, हा प्रश्न साधा नाही. भोजनगृहातील गायिकेला चुकण्याची मुभा नसते, कारण तिचे गाणे आधीच घडीव असते. मंकने जे मागितले ते त्या घडीवपणाचे विसर्जन. ह्याच मुद्रिकेत तिचा स्वर काही ठिकाणी नेमक्या जागेपेक्षा किंचित खाली बसतो, शब्द गाण्यातून बोलण्याकडे झुकतो. पुढे हेच तिच्या गायनाचे लक्षण झाले. कित्येक रसिकांना ते कधीच रुचले नाही, आणि त्यांचा कान खोटा होता असेही म्हणवत नाही.

‘डाऊन बीट’ ह्या जाझच्या प्रमुख नियतकालिकात एका समीक्षकाने ह्या मुद्रिकेवर कठोर लेखणी चालविली. ही गायिका आपल्या वर्णाचाच व्यवसाय करते, असा त्याचा आक्षेप होता. त्यावर नियतकालिकाने एक चर्चा घडवून आणली आणि जाझमधील वर्णद्वेष ह्या विषयाखाली ती मार्च १९६२ मध्ये दोन अंकांत छापली. लिंकन त्या समीक्षकाच्या समोर बसून आपली बाजू मांडत होती. चर्चा निकालात निघाली नाही, पण व्यवहारात निकाल लागला. त्यानंतर तिच्या स्वतःच्या नावाची पुढली ध्वनिमुद्रिका निघावयास १९७३ साल उजाडले, आणि तीही अमेरिकेत नव्हे, जपानात मुद्रित झाली. एका गायिकेची तिसाव्या ते चाळिसाव्या वर्षांमधली उमेदीची वर्षे अशी गेली. ह्या काळात तिने ‘नथिंग बट अ मॅन’ (१९६४) आणि सिडनी पॉटिए ह्याच्यासमवेत ‘फॉर लव्ह ऑफ आयव्ही’ (१९६८) ह्या चित्रपटांत ज्या भूमिका केल्या त्या अभिनयाच्या दृष्टीने सरस होत्या. १९६६ मध्ये ‘निग्रो डायजेस्ट’ मासिकात तिने लिहिलेला निबंधही खळबळजनक ठरला. कृष्णवर्णी स्त्रीचा मान कोण राखणार, हा त्याचा प्रश्न. आणि तो तिने गोऱ्या समाजालाच नव्हे, आपल्या समाजातील पुरुषांनाही विचारला. ‘माय मॅन’ गाणारी स्त्री नऊ वर्षांत येथवर आली होती.

१९६२ मध्ये रोचशी झालेला तिचा विवाह १९७० मध्ये संपुष्टात आला. ती कॅलिफोर्नियास परतली, मोटारखान्यावरच्या लहानशा बिऱ्हाडात राहू लागली आणि वृद्ध आईची देखभाल करू लागली. बाहेरून पाहणाऱ्यास हा ऱ्हासच दिसला असता. १९७२ मध्ये दक्षिण आफ्रिकेची निर्वासित गायिका मिरियम मकेबा हिच्या सोबतीने ती आफ्रिकेत गेली. तेथे राज्यकर्त्यांनी तिला गौरवपूर्वक नावे दिली. गिनीत अमिनाता, झाईरमध्ये मोसेका. मोसेका हे नाव ती पुढे काही वेळा आडनावासारखे लावी. ही दोन नावे तिच्या अंगावर कोणता पोशाख चढविण्यासाठी दिलेली नव्हती, एवढा फरक खरा. तरी तीही दुसऱ्यांनीच दिलेली.

मोटारखान्यावरच्या त्या वर्षांत ती गीते रचू लागली; आता शब्द आणि चाल दोन्ही तिची. हा तिच्या आयुष्याचा खरा सांधा होय. येथे साथीला थोर वादक नव्हते, चळवळीची ऊब नव्हती, वाट पाहणारा श्रोता नव्हता. ‘पीपल इन मी’ ह्या गीतात तिने आपल्या रक्तात मिसळलेल्या नाना वंशांची मोजदाद मुलांना समजेल अशा सोप्या भाषेत केली. ‘थ्रो इट अवे’ ह्या गीतात साठवून न ठेवता देऊन टाकण्याचा विचार आहे. चाली जुन्या लोकगीतासारख्या साध्या, शब्द घरातील वडीलधारी स्त्री सांगते तसे. प्रेमभंगाची रडकथा तीत नाही. मरण, वार्धक्य, पूर्वज, एकटे उडणारे पाखरू, पडझड होणारे जग हे विषय आहेत. मंकने जे बारा वर्षांपूर्वी भाकीत केले ते असे एकांतात खरे ठरले.

जगाला ते कळावयास आणखी बराच वेळ गेला. १९८७ मध्ये तिने बिली हॉलिडेची गीते पुन्हा गायिली. आता ती सावलीत उभी नव्हती, ऋण फेडीत होती. त्यानंतर झाँ-फिलिप अलार ह्या फ्रेंच निर्मात्याने तिला आपल्या मनाप्रमाणे ध्वनिमुद्रण करण्याची मोकळीक दिली. १९९० मध्ये ‘द वर्ल्ड इज फॉलिंग डाऊन’ निघाली तेव्हा तिने साठी गाठली होती. पुढल्या वर्षीच्या ‘यू गॉटा पे द बँड’ मध्ये सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ साथीला होता. कर्करोगाने जर्जर झालेला हा कलावंत त्याच वर्षीच्या जूनमध्ये वारला. तिच्या मरणविषयक गीतांमागून येणारा त्याचा सूर ऐकताना ह्याची जाणीव ठेवली नाही, तरी ती होतेच. १९९० नंतरच्या दशकात तिच्या मुद्रिका एकामागून एक निघाल्या आणि तरुण गायिका तिची गीते गाऊ लागल्या. २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीने तिला ‘जाझ मास्टर’ हा सन्मान दिला.

२००७ मध्ये, तिच्या शहात्तराव्या वर्षी, तिची शेवटची ध्वनिमुद्रिका ‘ॲबी सिंग्ज ॲबी’ प्रसिद्ध झाली. १४ ऑगस्ट २०१० रोजी न्यूयॉर्कमध्ये ती निवर्तली. त्या मुद्रिकेतील गीते, एखादा अपवाद सोडता, सर्वस्वी तिचीच आहेत. साथ विरळ आहे. अकॉर्डियन, गिटार अशी खेड्यापाड्यांतील वाटावीत अशी वाद्ये आहेत. आवाज खाली उतरलेला आहे, श्वास तोकडा आहे, स्वराला खरखर आली आहे, आणि ती झाकण्याची कोणतीही खटपट केलेली नाही. मुद्रिकेच्या आरंभी तिने जे गीत ठेवले आहे ते ‘ब्लू मंक’. चाल थिलोनिअस मंकची, शब्द तिने १९६१ साली लिहिलेले.